सातचा भोंगा: घरातली संध्याकाळ सावकाश करण्याची रीत

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे, आणि साडेआठला दुसरा भोंगा झाला की ज्याला जे पाहायचे ते त्याने पाहायचे, असा हा नियम होता. टाळेबंदीच्या काळात शाळा मोबाइलवर भरल्या आणि पुढे वर्ग पूर्ववत सुरू झाले तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना, ही तक्रार त्यामागे होती. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने आदल्या दिवशी महिलांच्या ग्रामसभेत निर्णय झाला. आपणही मालिकांपुढे गरजेपेक्षा जास्त बसतो, हे तिथल्या महिलांनी मोकळेपणाने मान्य केले. पुरुषांनी मात्र सुरुवातीला हा प्रकार हसण्यावारी नेला. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी दारोदार जाऊन लोकांना समजावले.

सावकाश जगण्याविषयी आपल्याकडे जो उपदेश होतो, तो बहुधा एकट्या माणसाला उद्देशून असतो: मन आवरा, मोबाइल कमी वापरा, क्षणात राहा. वडगावने एकट्यादुकट्याला काही सांगितले नाही. वेळ ठरवली, ती सगळ्यांसाठी एकदम ठरवली, आणि ती केव्हा सुरू झाली व केव्हा संपली याची सर्वांना ऐकू जाईल अशी खूण ठेवली. माझ्या मते उपाय चालला तो या तीन गोष्टींमुळे, आणि शहरातल्या दोन खोल्यांच्या घरातही त्या जमण्यासारख्या आहेत. ते कसे करावे, ते पुढे सांगितले आहे.

एकट्याचा निश्चय का टिकत नाही

पडद्यावरचा मजकूर बोटाने सरकवत राहिले की खालून नवा मजकूर न संपता येत राहतो, ही सोय एझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केली आणि नंतर तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, मालिकेचा भाग संपतो, पत्र वाचून होते. इथे ‘झाले, आता उठू या’ असे सांगणारी जागाच काढून टाकलेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन येथील संशोधक ग्लोरिया मार्क यांनी माणसे संगणकावर काम करताना एका पडद्यावर किती वेळ टिकतात, याची मोजणी वर्षानुवर्षे केली. २००४ मध्ये ती सरासरी सुमारे अडीच मिनिटे होती. अलीकडच्या वर्षांत ती सुमारे ४७ सेकंदांवर आली आहे. एवढ्या वेळात चहाला उकळीही फुटत नाही.

यात दुसऱ्या माणसांचा दाबही असतो. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या खुणा आणल्या आणि ‘निरोप पोचला’ याच्या पुढे जाऊन ‘निरोप वाचला’ हेही पाठवणाऱ्याला दिसू लागले. तेव्हापासून उशिरा उत्तर देणे हा उद्धटपणा ठरू लागला. मावसभावाच्या वाढदिवसाला गटातल्या तीसजणांनी शुभेच्छा दिल्या आणि एकाने दिल्या नाहीत, तर ते लक्षात राहते. अशा वेळी एकट्याने घेतलेला संथपणा आजूबाजूच्यांना तुसडेपणा वाटतो, आणि आठवड्याभरात माणूस तो सोडून देतो. त्यात त्याची इच्छाशक्ती कमी पडली असे म्हणणे फारसे न्याय्य नाही.

आधी ठराव

घरातील सर्वांना एकत्र बसवून बोलणे ही पहिली पायरी आहे आणि तीच सर्वांत अवघड आहे. हे बोलणे रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर करावे. मुलाला मोबाइलवरून रागावल्यानंतर लगेच तर मुळीच करू नये, कारण मग तो ठराव न राहता शिक्षा होते. बोलण्याची सुरुवात मोठ्यांनी स्वतःपासून करावी. वडगावच्या महिलांनी मालिकांची कबुली आधी दिली, हा त्या गोष्टीतला सर्वांत शहाणपणाचा भाग आहे. आजोबांचा बातम्यांचा वाद-संवाद, आईची मालिका, बाबांचे शेअर बाजाराचे गट आणि मुलीचे रील्स हे सारे एकाच मापाने मोजले जाणार असेल, तरच पंधरा वर्षांची मुलगी हे बोलणे ऐकून घेईल.

वेळ निवडताना दीड तासाचा हट्ट धरू नये. पाऊण तासाने सुरुवात केली तरी चालते, परंतु ती वेळ रोज एकच असावी. मुंबई-ठाण्यात लोकलने येणारा माणूस आठच्या आधी घरी पोचत नसेल, तर साडेआठ ते सव्वानऊ ठेवावे. पुण्यात मुलांच्या शिकवण्या साडेसातपर्यंत चालत असतील, तर त्यानंतरची वेळ घ्यावी. एखाद्या मालिकेची नेमकी तीच वेळ येत असेल, तर घरातल्या आजींना त्यागाचे धडे देण्यापेक्षा वेळ अर्धा तास पुढे सरकवणे बरे. जेवण या वेळेत येईल अशी आखणी करावी, म्हणजे निदान वीस-पंचवीस मिनिटे सर्वजण एका ठिकाणी आपोआप बसतात.

एक गोष्ट मात्र ठरावातच स्पष्ट करून घ्यावी. संध्याकाळी सात ते नऊ हा बहुतेक मराठी घरांत स्वयंपाकघरातल्या बाईचा सर्वांत धावपळीचा वेळ असतो. बाकीचे तिघे निवांत पुस्तक वाचत आहेत आणि ती पोळ्या लाटत, एकीकडे आमटीला फोडणी देत, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी चिरत आहे, असे चित्र असेल तर घर सावकाश झाले असे कोणी म्हणू नये. उलट तिच्याकडून ओट्यावर लावलेले गाणे किंवा मालिका तेवढी काढून घेतली गेली, एवढाच त्याचा अर्थ होतो. म्हणून या वेळेत स्वयंपाकघरातले काम सर्वांचे, हे कलम पहिले असावे. ते मान्य नसेल, तर उरलेला ठराव करण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खूण आणि फोनची जागा

वेळ सुरू झाल्याची खूण माणसाने तोंडी सांगू नये. ‘चला, सात वाजले, ठेवा फोन’ असे रोज कोणीतरी म्हणायचे ठरवले, की ते म्हणणारा माणूस घरातला हवालदार होतो आणि बहुधा ती जबाबदारी आईवर येते. भोंग्याला व्यक्ती नसते, म्हणून त्याच्यावर रागावता येत नाही. घरी देवापुढे दिवा लावण्याची प्रथा असेल, तर ती जुनी खूण आयती उपलब्ध आहे. नसेल, तर टोले देणारे भिंतीवरचे घड्याळ किंवा स्वयंपाकघरातला साधा गजर पुरतो. वेळ संपल्याचीही खूण हवी. शेवट ठाऊक असेल, तर मुले आणि मोठेही त्या दीड तासाला सहज तयार होतात; शेवट मोघम ठेवला, की पहिल्या दहा मिनिटांतच ‘अजून किती’ सुरू होते.

फोन खिशात किंवा टेबलावर पालथा ठेवणे पुरेसे नाही. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी लक्ष लागणारी कामे, फोन समोर ठेवणाऱ्यांपेक्षा चांगली केली होती, आणि तेही फोन वाजत नसताना. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दरवेळी इतका ठळक दिसलेला नाही. तरी घरात करून पाहायला काही खर्च येत नाही. दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर एक टोपली किंवा जुना डबा ठेवावा, तिथेच चार्जिंगची सोय करावी आणि घरातील सर्व फोन तिथे जावेत. आलेल्या पाहुण्याला मात्र फोन ठेवायला लावू नये; तो आपल्या ठरावाला बांधील नाही.

याच टोपलीचा रात्रीही उपयोग होतो. फोन निजायच्या खोलीत नसेल, तर उशाशी गजराचे घड्याळ लागते. दोन-तीनशे रुपयांत मिळणारे असे घड्याळ घेतले, की ‘गजरासाठी फोन जवळ हवा’ ही सबब उरत नाही आणि सकाळी डोळे उघडल्याबरोबर पहिली गोष्ट फोन पाहण्याची राहत नाही.

आता तातडीच्या प्रसंगांचे. ‘कोणाला काही झाले तर?’ हा प्रश्न प्रत्येक घरात पहिल्याच दिवशी निघतो आणि तो रास्त आहे. वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरती होते, तेव्हा चोपदार दंड उंचावून पुकारा करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते, म्हणजे त्या शांततेत ती नेमकी ऐकू येते. तिची दखल घेतली जाते, हरवले-सापडल्याच्या सूचनाही तेव्हाच होतात. शांतता आणि तातडीचा मार्ग या दोन्हींची व्यवस्था एकत्र करता येते, ती अशी.

फोनमध्ये ही सोय ‘डू नॉट डिस्टर्ब’ या नावाने असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ती रोज ठरलेल्या वेळी आपोआप सुरू आणि बंद होईल अशी लावावी. वृद्ध आई-वडील, शाळा, जवळचा शेजारी अशा चार-पाच क्रमांकांना अपवाद म्हणून परवानगी द्यावी. त्याखेरीज पुन्हा पुन्हा येणारा कॉल वाजू देण्याचा पर्याय चालू ठेवावा: त्याच क्रमांकावरून लगोलग दुसऱ्यांदा कॉल आला, तर तो वाजतो. आयफोनवर हा अवधी तीन मिनिटांचा आणि अँड्रॉइडवर साधारणपणे १५ मिनिटांचा असतो. नातेवाइकांना एकदाच सांगून ठेवावे की खरेच तातडीचे असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा. निरोप पाठवणारे मात्र थांबतील, आणि त्यांनी थांबावे हाच हेतू आहे.

व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा ‘प्रायव्हसी’मध्ये जाऊन बंद करता येतात, मग आपल्यालाही इतरांच्या दिसत नाहीत, आणि गटांमध्ये त्या चालूच राहतात. गटांचे आवाज आठ तास, एक आठवडा किंवा कायमचे बंद करण्याची सोय आहे. सोसायटीचा गट, शाळेचा गट आणि ‘आपले कुटुंब’ नावाचे जे दोन-तीन गट प्रत्येकाकडे असतात, ते कायमचे मूक करावेत. गट सोडण्याची गरज नाही; गट सोडला की त्याचे स्पष्टीकरण देण्यातच एक संध्याकाळ जाते.

त्या वेळात काय करावे

इथे मोह होतो तो कार्यक्रम आखण्याचा: सोमवारी वाचन, मंगळवारी बुद्धिबळ, बुधवारी श्लोक. असे करू नये. दिवसभर वेळापत्रकाने पळवलेल्या माणसांना संध्याकाळी आणखी एक वेळापत्रक दिले, तर घाई फक्त कपडे बदलून घरात येते. पहिले काही दिवस कंटाळा येईल. मुले घरात फेऱ्या मारतील, फ्रिज उघडतील, मिटतील, पुन्हा उघडतील; बाबा टोपलीजवळून विनाकारण जातील. हा कंटाळा सहन करणे हेच त्या दिवसांचे काम आहे, आणि त्यावर उपाय शोधायला मोठ्यांनी धावू नये.

हाताला काम असेल तर तो सोसणे सोपे जाते. मेथी निवडणे, लसूण सोलणे, शेंगा फोडणे ही कामे अशा वेळेसाठी उत्तम, कारण त्यांत बोलता येते आणि गप्पही बसता येते. त्यातही वालाचे बिरडे हा माझा खास आग्रह आहे. कडवे वाल भिजत घालायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, आणि मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. हे काम घाईने होत नाही. जोर लावला की दाणा दुभंगतो आणि मोड तुटतो. एकट्या माणसाला त्याचा वैताग येतो, पण चौघे परातीभोवती बसले तर अर्ध्या तासात चार माणसांपुरते वाल सोलून होतात, आणि त्या अर्ध्या तासात शाळेतली अशी एखादी गोष्ट कळते, जी थेट विचारून कधीच कळली नसती. समोरासमोर बसून ‘आज काय झाले?’ असे विचारले की मुले ‘काही नाही’ म्हणतात. नजर परातीत असली की बोलतात.

जेवताना एक साधी गोष्ट करून पाहावी. पहिले चार-पाच घास कोणीही न बोलता, चव घेत, नीट चावून खावेत. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताण कमी करण्याचा जो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यात एक मनुका हातात घेऊन, पाहून, हुंगून, अगदी सावकाश खाण्याचा सराव असतो. आपल्या घरी मनुकेची गरज नाही. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा त्याहून अधिक चावावा लागतो. संपूर्ण जेवण मुक्याने करण्याचा अट्टहास मात्र नको. लहान मुलांना त्याची भीती वाटते आणि मोठ्यांना भांडण झाल्यासारखे वाटते.

ज्यांना बसून श्वासाकडे लक्ष द्यायचे आहे, त्यांनी जेवणाआधी दहा मिनिटे काढावीत. खुर्चीत किंवा मांडी घालून, पाठ सरळ ठेवून बसावे, श्वास नाकाशी आत येताना आणि बाहेर जाताना जसा असेल तसा जाणवू द्यावा, तो लांब किंवा खोल करू नये. मन भटकेल, ते भटकले हे लक्षात आले की पुन्हा श्वासाकडे यावे. इगतपुरीला १९७६ पासून असलेल्या धम्मगिरी या केंद्रात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होतात, तिथे पहिले साडेतीन दिवस एवढेच शिकवतात. पहाटे चारला घंटा होते, फोन पहिल्याच दिवशी जमा करतात, कोणी कोणाशी बोलत नाही. तिथून परतलेले अनेक जण सांगतात की तिथे जमले, घरी जमत नाही. याचे कारण उघड आहे: तिथे घंटा, जमा झालेले फोन आणि आजूबाजूचे शेकडो मूक साधक होते, घरी यांतले काही नसते. ज्या कोणाला डोळे मिटून बसल्यावर अस्वस्थता वाढते किंवा जुनी दुःखे उफाळतात, त्याने बसण्याचा हट्ट सोडून गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारात सावकाश चालावे. ती वाढतच राहिली तर डॉक्टरांशी बोलावे.

कचेरी आणि परदेशातली मुले

सर्वाधिक ठराव मोडतात ते कचेरीमुळे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे बंधनकारक झाले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच हक्काचे खासगी विधेयक मांडले होते; त्याचा कायदा झाला नाही. तोवर आपली वाट आपणच काढायची आहे. वरिष्ठांना ‘मी संध्याकाळी उपलब्ध नाही’ असे कळवू नये. ‘साडेआठनंतर सर्व निरोप पाहून उत्तर देतो, त्याआधी तातडीचे असल्यास कृपया फोन करावा’ असे कळवावे. नकार कोणाला रुचत नाही, पण वेळ दिली की बहुतेकांचे समाधान होते, आणि फोन करावा लागणार म्हटल्यावर तातडीच्या कामांची संख्या आश्चर्यकारकरीत्या घटते. रुग्णालय, पोलीस, वीज मंडळ अशा ठिकाणी पाळीवर असणाऱ्यांना हे लागू नाही; त्यांनी सुटीचे दिवस निवडावेत, आणि घरच्यांनी त्यांच्यामुळे इतर दिवसांचा ठराव सोडू नये.

मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल, तर आणखी एक अडचण येते. आपले संध्याकाळचे सात म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ. तिकडे मुलगी कामावर निघता निघता, गाडीत बसून, अर्धे लक्ष रस्त्यावर ठेवून व्हिडिओ कॉल करते आणि इकडे आई-वडील जेवणाचे ताट बाजूला सारून पडद्याकडे पाहतात. हा कॉल आपल्या सकाळी साडेसातला नेला, तर तिकडे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे दहा आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात. तिचे काम आटोपलेले असते, इकडे पहिला चहा झालेला असतो. रोजच्या पाच मिनिटांऐवजी आठवड्यातून दोनदा अर्धा तास ठेवला, तर तो दोन्हीकडच्यांना अधिक पुरतो. परदेशातल्या मराठी घरांनीही आपली स्वतंत्र वेळ ठेवून ती पुण्या-नागपूरच्या आजी-आजोबांना सांगून ठेवावी.

एकट्या राहणाऱ्या माणसाने ठराव कोणाबरोबर करायचा? मैत्रीण, भाऊ, शेजारचे निवृत्त गृहस्थ, कोणीही चालेल. दोघांनी एकच वेळ पाळायची, आणि आठवड्यातून एकदा त्या वेळात प्रत्यक्ष भेटायचे, इतके पुरे. फोनवर ‘मी आज पाळले’ असे एकमेकांना कळवण्याची पद्धत मात्र पाडू नये.

मोडले तर

ठराव मोडणारच. गणपतीत आरत्यांचे चित्रीकरण होईल, भारत-पाकिस्तान सामना असेल, कोणाचा निकाल लागायचा असेल. असे दिवस आधीच सुटीचे म्हणून मोकळे सोडावेत. चोरून पाहण्यापेक्षा सर्वांनी मिळून सामना पाहणे केव्हाही चांगले. बुडालेला वेळ दुसऱ्या दिवशी भरून काढू नये आणि कोणालाही दंड लावू नये. मुलांच्या फोनमधला पडद्यावरचा वेळ दाखवणारा आकडा रोज तपासत बसू नये. तो तपासणे हाही फोन पाहण्याचाच प्रकार आहे.

महिन्याने पुन्हा एका रविवारी सकाळी बसावे. वेळ गैरसोयीची ठरली का, अपवादाच्या यादीत कोणी नवा क्रमांक हवा का, स्वयंपाकघरातल्या कामाचे कलम खरोखर पाळले गेले का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने द्यावे आणि इतरांनी ते मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. ती ‘नाही’ म्हणाली, तर वेळ वाढवण्याचा विचार बाजूला ठेवून आधी पोळ्या कोण लाटणार आणि भांडी कोण विसळणार याची वाटणी नव्याने करावी, ती कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावावी आणि पुढचा महिना त्याच वेळेने चालवावा.